प्रस्तावना : देश सोडलेल्यांची पंगत

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात 1920 च्या दशकात एक रशियन चहाघर सुरू झालं. मालक होते ॲडमिरल निकोलाय वोल्कोव्ह. झारच्या आमदानीत ते लंडनमधल्या रशियन वकिलातीत नौदलाचे प्रतिनिधी होते. 1917 साली क्रांती झाली, ज्या दरबाराने त्यांना पाठवलं होतं तो दरबारच बुडाला आणि परतीची वाट बंद झाली. तेव्हा ॲडमिरलसाहेबांच्या कुटुंबाने चहा आणि कॅव्हियार विकून संसार चालवायला घेतला. तिथला कॅव्हियार लंडनमध्ये नावाजलेला होता. पण 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्या टेबलांभोवती नाझींविषयी सहानुभूती असलेली ‘राइट क्लब’ची इंग्रज मंडळीही जमू लागली. ॲडमिरलची मुलगी ॲना त्यांच्यात सामील झाली. अमेरिकन वकिलातीतल्या गुप्त कागदपत्रांच्या प्रकरणात मे 1940 मध्ये तिला अटक झाली आणि पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. तिला पकडून नेताना अकरा वर्षांचा एक मुलगा पाहत होता. त्याची आई ॲनाच्या मेजवान्यांचा स्वयंपाक करायची. तो मुलगा म्हणजे पुढे हेरकथा आणि पाककला या दोन्ही विषयांवर लिहिणारा लेखक लेन डेटन.

लंडनमधल्या रशियन रेस्टॉरंटांचा मागोवा घ्यायला निघालं की पुन्हा पुन्हा असंच होतं. सुरुवात स्वयंपाकघरातून होते आणि आपण वकिलातीत, बंदरावर, छापखान्यात, कधी थेट कोर्टात जाऊन पोचतो. रशियातून या शहरात आलेल्या माणसांपैकी फार थोडे खुशीने आले. कुणी झारच्या पोलिसांना चुकवून आलं, कुणी दंगलींतून जीव वाचवून, कुणी बोल्शेविकांपासून पळून, कुणी सोव्हिएत संघ मोडल्यावर पैसा घेऊन, तर कुणी अलीकडच्या युद्धाला विरोध केला म्हणून. प्रत्येकाने आपल्याबरोबर आपापल्या काळाचा रशिया आणला आणि तोच शिजवला. म्हणून लंडनमध्ये रशियन म्हणून जे ताटात येतं, त्यावरून आजच्या रशियाची कल्पना करू नये. कोण, कधी आणि कशामुळे घर सोडून आलं याची ती नोंद आहे. या नोंदी नीट वाचता याव्यात एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

मराठी वाचकाने रशिया आधी वाचला, चाखला फार उशिरा. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून आणि गावोगावच्या प्रदर्शनांतून स्वस्तात मिळणाऱ्या सोव्हिएत पुस्तकांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांना समोवार, काशा आणि काळा पाव ओळखीचा करून दिला. अण्णा भाऊ साठे 1961 साली तिकडे जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. ताटातला रशिया मात्र आपल्याकडे एकाच रूपाने पोचला. क्लबांच्या आणि लग्नांच्या बुफेत अंडाकृती प्लेटमध्ये येणारं, मेयोनीजमध्ये घोळलेलं रशियन सॅलड. त्याचा मूळ पुरुष म्हणजे मॉस्कोच्या ‘हर्मिटाज’ रेस्टॉरंटमध्ये 1860 च्या दशकात ल्युसिएन ऑलिव्हिए या आचाऱ्याने बनवलेलं सॅलड. त्यात रानपक्ष्याचं मांस असे, क्रेफिश असे. क्रांतीनंतर ते सगळं महाग झालं, दुर्मीळ झालं. मग उकडलेले बटाटे, डब्यातले मटार, सॉसेज आणि कारखान्यातलं मेयोनीज एवढ्यावर भागवलं गेलं. तेच आज ‘ऑलिव्हिए’ या नावाने लंडनच्या रशियन रेस्टॉरंटांत मिळतं आणि नववर्षाच्या रात्री रशियन घरांत त्याच्यावाचून चालत नाही. एका वाडग्यात झारशाही, क्रांती आणि कारखाना असे तीन काळ एकत्र आले आहेत.

या जेवणाची घडण समजून घ्यायची तर चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, भट्टी. रशियन खेड्यातल्या घरात विटामातीची मोठी भट्टी असायची. सकाळी लाकडं जाळून ती तापवायची, निखारे बाजूला सारायचे आणि मडकी आत सरकवायची. आच वाढत नाही, हळूहळू उतरत जाते. कोबीचं सूप श्ची, कुट्टूची किंवा इतर धान्याची काशा, तासन्‌तास मुरलेलं मांस हे सगळं या उतरत्या आचेने घडवलं आहे. फोडणी, परतणं, भरभर तळणं यांना त्या भट्टीत जागा नव्हती. आपल्या जिभेला हे जेवण पहिल्यांदा मवाळ लागतं त्याचं कारण मसाल्याच्या अभावापेक्षा या आचेत जास्त आहे. त्या जेवणाला धार येते ती आंबवण्यातून. खारवलेली काकडी, आंबवलेला कोबी, पावापासून केलेलं क्वास, आंबट साय म्हणजे स्मेताना. आणि सगळ्यांवर भुरभुरलेला शेपू. शेपूवर इतकं प्रेम करणारा दुसरा समाज मराठी माणसाला सहजी भेटायचा नाही.

दुसरी गोष्ट उपवास. ऑर्थोडॉक्स पंचांग काटेकोरपणे पाळलं तर वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे रशियन स्वयंपाकाचे दोन सरळ भाग पडले. एक सणाचा, चरबी-लोण्याचा. दुसरा उपवासाचा, अळंबी, कोबी, बीट, धान्य आणि तेलाचा. ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू होण्यापूर्वीचा आठवडा म्हणजे मास्लेनित्सा. श्रावणाआधी आपल्याकडे गटारी असते तसाच हा उपवासाआधीचा शेवटचा ताव. फरक एवढाच की या आठवड्यात मांस आधीच सुटलेलं असतं आणि जोर असतो लोण्यात न्हालेल्या ब्लिनींवर, म्हणजे पातळ धिरड्यांवर. लंडनच्या रशियन रेस्टॉरंटांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला ब्लिनींचे खास मेनू लागतात ते यामुळे.

तिसरी गोष्ट फ्रेंच हात. पीटर द ग्रेटनंतर उमरावांनी पश्चिमेकडचे आचारी ठेवायला सुरुवात केली आणि एकोणिसाव्या शतकात पीटर्सबर्गमधली श्रीमंत घरं फ्रेंच आचाऱ्यांनी भरून गेली. थोर फ्रेंच आचारी कारेम 1819 साली काही काळ तिकडे राहून आला. ही देवघेव मात्र एकतर्फी नव्हती. तोवर फ्रेंच मेजवानीत सगळे पदार्थ एकदम मांडले जात. रशियन घरांत ते एकामागून एक, गरमागरम येत. रशियाचे राजदूत प्रिन्स कुराकिन यांनी 1810 च्या सुमारास पॅरिसला ही पद्धत दाखवली असं मानलं जातं, आणि व्हिक्टोरियाच्या काळात ती ब्रिटनमध्ये रुळली. आज लंडनच्या कुठल्याही चांगल्या रेस्टॉरंटमध्ये सूप संपल्यावर मुख्य पदार्थ येतो आणि तो संपल्यावर गोड येतं, ही चाल रशियाची आहे. लंडनमध्ये पहिलं रशियन रेस्टॉरंट उघडण्याच्या कितीतरी आधी इंग्रजांचं जेवणाचं टेबल रशियन झालं होतं.

चौथी गोष्ट सोव्हिएत राज्य. 1939 साली सोव्हिएत नेते अनास्तास मिकोयान यांच्या देखरेखीखाली ‘रुचकर आणि पौष्टिक अन्नाचं पुस्तक’ निघालं. रंगीत चित्रांतली भरलेली टेबलं आणि दुकानांतली रिकामी फडताळं यांच्यातली दरी लोकांना दिसत होती, तरीही ते पुस्तक घराघरांत जपलं गेलं. त्याने जॉर्जियाचं खारचो सूप, मध्य आशियाचा पुलावासारखा प्लोव्ह, युक्रेनचा बोर्श्त (बिटाचं सूप) आणि सायबेरियाचे पेलमेनी एका पंक्तीला बसवले. साम्राज्य एका मेनूवर आलं. लंडनची बहुतेक ‘रशियन’ रेस्टॉरंटं आजही तोच मेनू चालवतात आणि म्हणूनच त्यांच्याकडे बघताना ‘हा पदार्थ कुणाचा’ हा प्रश्न टाळता येत नाही.

आता लंडनकडे वळू. व्यापार जुना आहे. मस्कोव्ही कंपनीला 1555 साली सनद मिळाली आणि 1557 साली इव्हान द टेरिबलचा दूत ओसिप नेपेया लंडनला पोचला. पण रशियन माणसांची वस्ती सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती बंडखोरांची होती. अलेक्झांडर हर्झेन 1852 साली आले, पुढच्या वर्षी त्यांनी इथे मुक्त रशियन छापखाना काढला आणि 1857 पासून ‘कोलोकोल’ हे नियतकालिक चालवलं. अराज्यवादी क्रोपोत्किन यांनी 1886 पासून तीस वर्षं इंग्लंडमध्ये काढली. लेनिन आणि त्यांची पत्नी क्रुप्स्काया 1902 साली आले. इंग्रजी खाणं रशियन पोटाला मानवत नाही असं क्रुप्स्कायांनी आठवणींत नमूद करून ठेवलं आहे. बैलाच्या शेपटीचं सूप, चरबीत तळलेले मासे, न पचणारे केक यांना कंटाळून त्यांनी खोलीतच स्टोव्ह पेटवला. क्रांतिकारकांनी रेस्टॉरंट काढलं नाही, पण ते का लागणार होतं हे त्यांच्या स्टोव्हवरून कळतं.

खरं रशियन अन्न लंडनच्या रस्त्यावर आणलं ते गरीब ज्यूंनी. 1881 साली झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली, दंगली उसळल्या आणि पुढच्या तीन दशकांत लाखाहून अधिक ज्यू ब्रिटनमध्ये आले. त्यांतले कितीतरी ईस्ट एंडच्या व्हाइटचॅपलमध्ये राहिले. त्यांची गर्दी रोखण्यासाठी 1905 साली ब्रिटनने परदेशी लोकांसाठीचा कायदा केला. त्याच वर्षी ओडेसाहून आलेल्या फोरमन नावाच्या माणसाने ईस्ट एंडमध्ये मासे धुरावण्याचा धंदा सुरू केला. बाल्टिकचा खारा सामन पिंपांतून मागवून झाल्यावर स्कॉटलंडमध्येच ताजा सामन मिळतो हे या व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं, आणि आज ज्याला अस्सल ब्रिटिश म्हणून मिरवलं जातं त्या स्मोक्ड सामनची ‘लंडन पद्धत’ तयार झाली. लिथुआनियातून आलेल्या मॉरिस ब्लूम यांनी 1920 साली ब्रिक लेनवर ज्यू रेस्टॉरंट काढलं. ज्या ब्रिक लेनवर आज सिल्हेटी आचाऱ्यांच्या करीचा घमघमाट असतो, तिथेच एकेकाळी बोर्श्त आणि खारा हेरिंग मिळायचा. हे लोक झारच्या कागदांवर रशियन प्रजा होते. रशियाने मात्र त्यांना कधी आपलं म्हटलं नाही. तरीही या शहराला पहिली रशियन चव त्यांनीच लावली.

क्रांतीनंतर आलेले उमराव आणि अधिकारी आकड्याने थोडे होते. पॅरिस आणि बर्लिनमध्ये त्यांची मोठी नगरं वसली, लंडनमध्ये मात्र चर्च, क्लब आणि चहाघरं एवढंच. पण त्यांच्यामुळे शिष्टाचार आला. पांढरा टेबलक्लॉथ, काचेच्या पेल्यातला लिंबाचा चहा, मंद आवाजातली बातचीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नाइट्सब्रिजमध्ये गूढवादी गुरु गुर्जिएफ यांची पुतणी ल्यूबा हिने ‘ल्यूबाज बिस्ट्रो’ चालवला. तिथे टेबलं लांब, अनोळखी माणसं शेजारी-शेजारी, जेवण घरगुती आणि खिशाला परवडणारं. 1954 साली स्थलांतरितांनी ‘पुश्किन हाउस’ उभं केलं, जे आजही ब्लूम्सबरीत चालू आहे. 1960 च्या दशकात बीचम प्लेसमध्ये ‘बोर्श्त ॲन्ड टिअर्स’ सुरू झालं. ‘डॉक्टर झिवागो’ चित्रपट 1965 चा. शीतयुद्ध ऐन भरात होतं आणि इंग्रज गिऱ्हाइकाला खऱ्या सोव्हिएत संघाची भीती वाटत होती, पण बर्फ, जिप्सी गाणी आणि वोडकाच्या रशियावर त्याचा जीव जडला होता. रेस्टॉरंटने त्याला तो रशिया दिला.

1991 नंतर चित्र बदललं. आधी शिकायला आलेले तरुण, मग व्यापारी, मग अतिश्रीमंत. 2003 साली रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी क्लब विकत घेतला आणि लंडनच्या रशियन पैशाला चेहरा मिळाला. मोठ्या गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणारा व्हिसा 2008 पासून फेब्रुवारी 2022 पर्यंत चालला. त्या काळातली रेस्टॉरंटं पाहिली की तिन्ही प्रवाह वेगळे दिसतात. सोहोमध्ये 2008 साली लिओनिद शुतोव्ह यांनी ‘बॉब बॉब रिकार्ड’ काढलं. तिथे टेबलाशेजारी शॅम्पेन मागवायचं बटण आहे, वोडका उणे 18 अंशांवर थिजवलेली येते, आणि पेलमेनीच्या बरोबरीने इंग्रजी पायही मिळतो. 2012 साली नाइट्सब्रिजमध्ये पीटर्सबर्गच्या ‘मारी व्हान्ना’ची शाखा आली. तिथे सोव्हिएत आजीचं घर उभं केलं होतं. विणलेले रुमाल, कपाटातल्या बाहुल्या, भिंतीवरची जुनी छायाचित्रं. 2016 साली फ्रिथ स्ट्रीटवर, रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबला लागून, पत्रकार आणि आचारी अलेक्सेई झिमिन यांनी ‘झिमा’ काढलं. तिथे ना राजवाडा, ना आजी. लहान प्लेटा, घरात मुरवलेल्या वोडका आणि तरुण गर्दी.

एवढ्या प्रवासातून लंडनच्या रशियन रेस्टॉरंटांची पाच घराणी ठरवता येतात. पहिलं चहाघराचं, जे गमावलेल्या अदबीवर उभं आहे. दुसरं बालालाइकाचं, जिथे गाणं आणि जेवण यांना सारखंच वजन. तिसरं कॅव्हियारचं, जिथे श्रीमंती हाच मुख्य पदार्थ. चौथं आजीच्या घराचं, ज्यात सोव्हिएत बालपणाची ओढ आहे. पाचवं नव्या आचाऱ्यांचं, जे भट्टी, आंबवण आणि रानमेवा यांच्याकडे नव्याने पाहतं. याखेरीज एक सहावा, नाव नसलेला वर्ग आहे. 2004 साली बाल्टिक देश युरोपीय संघात आल्यावर पूर्व लंडनभर लिथुआनियन आणि लॅटव्हियन किराणा दुकानं उघडली. त्यांच्या मागच्या बाजूला दोन-चार टेबलं असतात, कुट्टू, केफिर आणि गोठवलेले पेलमेनी मिळतात आणि गल्ल्यावरची बाई रशियन बोलते. रशियन बोलणाऱ्या सामान्य माणसाचं रोजचं जेवण शोधायचं तर तिथेच जावं लागतं, आणि या पुस्तकात त्या टेबलांना नाइट्सब्रिजइतकीच जागा दिली आहे.

या टेबलावर नेमकं काय होतं हे एकदा जवळून पाहू. सुरुवात झाकुस्कांनी होते. खारवलेल्या काकड्या, अळंबी, हेरिंग, काळा पाव, बारीक कापलेली गोठीव चरबी हे सगळं आधीच मांडलेलं. वोडकाचा छोटा पेला एका दमात घ्यायचा, आणि लगेच काहीतरी खारट तोंडात टाकायचं. टोस्टशिवाय पेला उचलायचा नाही. मग येतं ‘शुबा’, म्हणजे फरकोट घातलेलं हेरिंग. तळाला मासा, त्यावर बटाटा, गाजर, अंडं, मेयोनीज, आणि सगळ्यांना झाकणारा किसलेल्या बिटाचा जांभळा थर. चमचा वरून सरळ खालपर्यंत न्यायचा असतो. वरवर खाल्लं तर बीट लागतं, तळाशी गेलं तरच मीठ आणि समुद्र भेटतो. पेलमेनी मागवले तर पातळ पारी, आत कांदा घातलेला गाई-डुकराचा खिमा, वर स्मेताना, बाजूला व्हिनेगर. ते उरल-सायबेरियाचे. थंडीत घराबाहेर पोत्यांत गोठवून ठेवायचे आणि लागतील तेवढे उकळत्या पाण्यात टाकायचे. आणि त्याच टेबलावर बहुतेक वेळा गाजराची तिखट, लसणाची कोशिंबीर असते. तिला कोरियन गाजर म्हणतात, पण कोरियात ती कुणी खात नाही. 1937 साली स्टालिनने अतिपूर्वेकडच्या कोरियन लोकांना मध्य आशियात हद्दपार केलं. किमचीसाठी लागणारा कोबी तिथे मिळेना, म्हणून त्यांनी हाताशी असलेली गाजरं वापरली. हद्दपारीची ही कोशिंबीर पुढे सोव्हिएत संघभर पसरली आणि तिथून लंडनला आली.

या विषयावर लिहिणाऱ्यांच्याही परंपरा आहेत. पहिली गृहिणींची. एलेना मोलोखोवेत्स यांचं ‘तरुण गृहिणींना भेट’ 1861 साली निघालं, ज्या वर्षी भूदास मुक्त झाले त्याच वर्षी. नोकरांनी भरलेल्या घरासाठी लिहिलेलं ते पुस्तक क्रांतीनंतर परागंदा झालेल्यांनी सोबत नेलं. दुसरी सरकारी, मिकोयान यांची. तिसरी विद्वानांची. विल्यम पोखल्योब्किन यांनी 1978 साली सोव्हिएत लोकांच्या राष्ट्रीय पाककलांवर ग्रंथ लिहून प्रत्येक जमातीचं जेवण वेगळं करून दाखवलं. चौथी देशांतर केलेल्यांची. आन्या फॉन ब्रेमझेन यांनी 2013 साली आपल्या कुटुंबाची दशकं पदार्थांतून सांगितली. ब्रिटनमध्ये लेस्ली चेंबरलेन यांनी 1982 साली इंग्रजी वाचकाला हे जेवण समजावलं आणि 2019 साली सायबेरियात जन्मलेल्या, लंडनमध्ये राहणाऱ्या अलिसा तिमोश्किना यांनी ‘सॉल्ट ॲन्ड टाइम’मध्ये सायबेरियाला अनेक जमातींचं घर म्हणून मांडलं. या पुस्तकाचा कल चौथ्या परंपरेकडे आहे. पोखल्योब्किन यांच्याकडून मात्र एक शिस्त घेतली आहे, प्रत्येक पदार्थ ज्याचा त्याला देण्याची.

ती शिस्त आज जास्त निकडीची झाली आहे. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष हल्ला केला आणि लंडनच्या रशियन रेस्टॉरंटांची दारं एका दिवसात संशयाची झाली. ज्यांचे मालक, आचारी, वेटर युक्रेनियन किंवा जॉर्जियन होते त्यांनाही आपण कोण हे सांगावं लागलं. ब्रिटिश सरकारने रशियन वोडकावर 35 टक्के जादा कर लावला आणि पुढे कॅव्हियारच्या आयातीवर बंदी घातली. चिकन कीव्ह हा मार्क्स ॲन्ड स्पेन्सरने 1979 साली विकायला काढलेला तयार पदार्थ. ब्रिटिश माणसाने पूर्व युरोपचा जो एक पदार्थ मनापासून आपला केला तो हाच. त्याच्या खोक्यावरचं नाव दुकानांनी युक्रेनियन उच्चाराप्रमाणे बदललं. जुलै 2022 मध्ये युनेस्कोने युक्रेनियन बोर्श्तची संस्कृती तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतली. लंडनमध्येच युक्रेनच्या ओलिया हर्क्युलिस आणि रशियाच्या तिमोश्किना या दोघींनी मिळून ‘कुक फॉर युक्रेन’ ही मोहीम उभारली आणि घरोघरच्या जेवणावळींतून मदत गोळा केली. झिमिन यांनी युद्धाला उघड विरोध केला, रशियन टीव्हीवरचा त्यांचा कार्यक्रम बंद झाला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये बेलग्रेडमध्ये त्यांचं निधन झालं.

अशा वेळी रशियन जेवणावर पुस्तक कशाला, असा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. बहिष्कार घालणाऱ्याची भावना मला कळते. पण लंडनमधल्या या टेबलांवर क्रेमलिन जेवायला बसत नाही. तिथे बहुतेक वेळा क्रेमलिनने, त्याआधी पक्षाने आणि त्याआधी झारने पळवून लावलेली माणसं रांधत आणि जेवत आली आहेत. दुसरीकडे, ‘सगळं एकच, सगळं रशियन’ म्हणत बोर्श्त, जॉर्जियाची चीज भरलेली खाचापुरी आणि प्लोव्ह एका पाटीखाली विकणं हेही निरागस नाही. त्या पाटीमागे साम्राज्याची सवय आहे. रशियन आचाऱ्याचा मान राखणं आणि युक्रेनचा बोर्श्त युक्रेनला देणं या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात. माझ्या मते चांगलं रेस्टॉरंट ओळखायची आज हीच कसोटी आहे.

हे पुस्तक लंडनपुरतं आहे. ग्लासगोच्या ‘कॅफे कोसाचोक’सारखी ठिकाणं इतर शहरांतही झाली, पण एकाच शहरात सगळ्या लाटा एकावर एक साचलेल्या दिसतात त्या लंडनमध्येच. हा हॉटेलांचा मार्गदर्शक नाही. इथे तारे दिलेले नाहीत, किमती लिहिलेल्या नाहीत. रेस्टॉरंटं उघडतात आणि मिटतात, तशी माहिती छापून होईस्तोवर शिळी होते. पाककृतीही मोजक्याच आहेत, त्याही जिथे कृतीशिवाय इतिहास कळत नाही तिथेच. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पाहिल्या आहेत: कोण रांधतं, कुणासाठी रांधतं, आणि ताटातला रशिया कोणत्या सालचा आहे. मुद्दाम शाकाहारी वाचकाचाही विचार केला आहे. उपवासाच्या परंपरेमुळे बटाटा किंवा अळंबी भरलेले वारेनिकी, कुट्टूची काशा, आंबवलेला कोबी असं बरंच काही मिळतं. मात्र बोर्श्तचं पाणी बहुधा गाईच्या हाडांचं असतं, तेव्हा विचारल्याशिवाय मागवू नये.

विचारण्याची ही सवय तेवढ्यापुरती ठेवू नका, एवढीच वाचकांना विनंती. लंडनला शिकायला, नोकरीला, लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या आता थोडी नाही. महाराष्ट्र मंडळ तिथे 1932 पासून आहे. परमुलखात आपल्या चवीचं काहीतरी शिजवून माणसं गोळा करणं काय असतं हे आपल्याला सांगावं लागत नाही. तेव्हा कधी रशियन रेस्टॉरंटमध्ये गेलात तर मेनू वाचून झाल्यावर वाढणाऱ्याला विचारा, हा पदार्थ कुठला आणि तुम्ही कुठले. उत्तर ओडेसा येईल, ताश्कंद येईल, रीगा येईल, कधी मॉस्कोही येईल. ज्याचं जेवण जेवलात त्याचं गाव ठाऊक असणं हा जेवणाऱ्याचा धर्म आहे, आणि तो पाळायला हे पुस्तक उपयोगी पडावं.